जुना माल आधी

"माझा नवरा वाचत न्हाई, ठावं हाय मला," रंगुबाई म्हणाली. "पर त्यो चोर म्हणून जाऊ नये. येवढंच करा."

साताऱ्यात कोरेगाव रस्त्याला, टायरच्या दुकानावरच्या उत्कर्षाच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आजवर कुणी अशी सुरुवात केली नव्हती. मानसिंगने हातातला चहा खाली ठेवला. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून तो उत्कर्षाची गाडी चालवायचा आणि खासगी तपासाच्या कामात तिला सोबत करायचा. लोकांची लफडी बघून बघून त्याचं मन निबर झालं होतं. पण ही बाई त्याच्या पलटणीतल्या तानाजीची सख्खी बहीण. त्याने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पहिल्यापासून सांगा," उत्कर्षा म्हणाली.

रंगुबाईचा नवरा बिराप्पा सांगलीत बाहुबली मगदूम यांच्या हळदीच्या गोडाऊनवर राखणदार होता. जतकडचा धनगर माणूस. उभी हयात त्याच गोडाऊनवर गेलेली. मालकांना सगळे आण्णा म्हणत. आण्णांचा अतिशय नावाचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि त्याने गेल्या साली सगळा धंदा कॉम्प्युटरवर चढवला. खरेदी, विक्री, गोडाऊनमधलं पोतं न् पोतं. आता कॉम्प्युटर म्हणत होता, दोनशे पोती कमी आहेत. किल्ली एकट्या बिराप्पाकडे.

"सगळ्या हमालांफुडं बलावलं त्येला," रंगुबाई सांगत होती. "त्यो म्हणला, मी चोर न्हाई, बिरोबाचा भंडारा उचलतो. भंडारा आणला. ह्येनं हात फुडं बी केला. आन् मागं घेतला."

"का?"

"काय म्हाईत! सगळी म्हणली, बघा, चोराच्या मनात चांदणं. घरी आला, कुनाशी बोलला न्हाई, आन् शेतातलं तणनाशक प्याला. सिव्हिलात हाय. सुद हाय, पर डाक्टरनं हात टेकलं. धाकला मालक उद्या पोलिसात जातोय."

"शपथ कुणी घातली? शब्द आठवतात?"

"धाकल्या मालकानंच. म्हणला, म्हण, ह्या पोत्यांचं मला काय बी ठावं न्हाई."

उत्कर्षाने ते वाक्य पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग उठून पायात चपला सरकवल्या. "काका, गाडी काढा."

कऱ्हाडपर्यंत मानसिंगने नुसती गाडी हाकली. मग मात्र त्याला राहवेना. "मॅडम, राग मानू नका. धनगर माणूस भंडाऱ्याला भितो. हात मागं घेतला म्हणजे दाल में काला है."

"आहेच," उत्कर्षा म्हणाली. "फक्त डाळ कुणाची ते बघायचंय."

असं तिरकं बोलली की मानसिंगला तिचा भारी राग यायचा.

*

सांगलीच्या मार्केट यार्डामागे मगदुमांचं घर आणि गोडाऊन एकाच आवारात होतं. आभाळ भरून आलेलं, पण पडत नव्हतं. हमाल बाहेर ओट्यावर बसले होते. कुणी तंबाखू मळत नव्हतं की कुणाची चेष्टा चालली नव्हती.

काचेच्या केबिनमध्ये अतिशय पडद्यासमोर बसलेला. सडपातळ, चष्मा, डोळ्यांखाली काळं. शेजारी वीरधवल नावाचा तरुण, सॉफ्टवेअर कंपनीकडून आलेला.

"मला आनंद झालाय असं वाटतं का तुम्हाला?" अतिशय फणकारला. "लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी अख्खं यार्ड फिरलोय. पण पोती कमी आहेत, त्याला मी काय करू?"

"कॉम्प्युटर चुकत असेल तर?"

"सिस्टीम चुकत नाही, मॅडम," वीरधवल मधेच म्हणाला. "माणसं चुकीचं भरतात. इथे तर सुरुवातीची मोजणी मी स्वतः केली."

"एकेक पोतं मोजलंत?"

तो हसला. "हजारो पोती आहेत. थप्पीची लांबी, रुंदी, उंची मोजायची आणि गुणाकार करायचा. आण्णा स्वतः शेजारी उभे होते. एक जुनी थप्पी मी थोडी उतरवून बघणार होतो, तर म्हणाले, मोडू नका, वारा लागून कीड पडेल. उसाचा रस पाजला आणि पुढच्या थप्पीकडे नेलं."

"कमी पडलेली पोती कुठल्या थप्पीतली?"

"त्याच जुन्या थप्पीतली," अतिशय म्हणाला. "सिस्टीमचा नियम आहे, जुना माल आधी बाहेर काढायचा. ती सांगायची जुन्या थप्पीतून द्या, आणि बिराप्पा नव्यातूनच द्यायचे. चारचारदा बोललो मी त्यांना. शेवटी ऐकलं, पण कुणा हमालाला आत येऊ देईनात. ढकलगाडीवर पोती घालून एकटेच दारापर्यंत आणायचे. निम्मा माल गेल्यावर म्हणाले, थप्पी संपली. संपली कशी? पडद्यावर दोनशे शिल्लक!"

"आणि माल जाताना कुणी बघितला?"

अतिशय चपापला. "तेच तर कळत नाही. फाटकावर कॅमेरा आहे. बिलाशिवाय एकही गाडी बाहेर गेलेली नाही."

"तुम्ही गोडाऊनमध्ये कितीदा जाता?"

"कशाला जाऊ? सगळं इथे दिसतं की."

मानसिंगने मनातल्या मनात या पोराचं नाव संशयितांत पहिलं घातलं. पासवर्ड याच्याच हातात. बटण दाबून पोती वाढवायची आणि आळ गरिबावर घालायचा, हे काय अवघड!

*

गोडाऊनमध्ये शिरताच हळदीचा उग्र वास नाकात भरला. मानसिंगला शिंका आवरेनात. थप्प्या पार पत्र्याला टेकलेल्या. जुनी थप्पी होती ती कोपऱ्यातली जागा रिकामी होती.

तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, निदान मानसिंगला तरी. कोब्यावर पोत्यांनी पाडलेला पिवळा पट्टा चौफेर फिरला होता. मधे करडी जमीन. उंदरांच्या लेंड्या, कुरतडलेल्या बारदानाच्या चिंध्यांचं घरटं, कोळ्यांची जुनी जाळी. भिंतीला टेकवून ठेवलेले काही वासे आणि फळ्या. फळ्यांची एक बाजू पिवळी, दुसरी स्वच्छ.

उत्कर्षा गुडघ्यावर बसून बोटाने जमीन पुसत होती. एकदा पट्ट्यावर, एकदा मधे.

"झाडलोट नाही केलेली," मानसिंग म्हणाला.

"देवाची कृपा," ती म्हणाली.

दाराशी आलेल्या एका हमालाला तिने वाशांबद्दल विचारलं. तो म्हणाला, "थप्पी उठली तवा निघालं ह्ये. आमाला वाटलं, पडू नये म्हणून टेकू लावला आसंल. थप्पी बिराप्पानं एकल्यानंच लावलीती, म्हापुराच्या मागं. आमास्नी सुट्टी दिलती मालकांनी."

घरात आण्णांच्या पत्नी गुणमालाकाकू भेटल्या. पाहुणे म्हटल्यावर त्यांनी आधी जेवायचाच आग्रह धरला. घर जैनांचं, दिवस मावळल्यावर इथे चूल पेटत नसे. ताटं वाढता वाढता मात्र त्यांचा बांध फुटला.

"बिराप्पानं विष घेतलं त्या दिवसापास्नं ह्यांनी अन्न सोडलंय हो. नुसत्या पाण्यावर आहेत. मंदिरात बसून असतात. म्हटलं, चोरी त्यानं केली, प्रायश्चित्त तुम्ही कशाला घेता? तर माझ्याकडं बघितलं पण नाही. दवाखान्याचं बिल पण गुपचूप भरतात. अतिशय पोलिसात जायचं म्हणतोय, तर हे म्हणतात, तसं केलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

उत्कर्षाने हातातला घास ताटात ठेवला. "काकू, महापुरात तुमच्या गोडाऊनचं काय झालं होतं?"

"थोडं पाणी शिरलं होतं. पण आण्णा म्हणाले, माल वाचला. माल बँकेकडं तारण, त्यांचा माणूस पण थप्प्या बघून गेला. अतिशय तेव्हा पुण्यात होता."

मानसिंगने गुमान ताटातली आमटी संपवली. त्याला काही म्हणजे काही सुधरत नव्हतं, आणि उत्कर्षाचं तोंड मात्र उतरलं होतं. कोडं सुटलं की एरवी ती शीळ घालायची.

*

संध्याकाळी तिने सगळ्यांना त्या रिकाम्या कोपऱ्यात बोलावलं. अतिशय, वीरधवल, गुणमालाकाकू, दाराशी हमाल. शेवटी आण्णा आले. पांढरं धोतर, खोल गेलेले गाल. भिंतीला हात लावून ते उभे राहिले.

"काका, त्या पट्ट्याच्या मधोमध उभे राहा," उत्कर्षा म्हणाली. मानसिंग राहिला.

"दोनशे पोती न्यायची म्हणजे ट्रक लागतो. ट्रक कॅमेऱ्यात नाही. हमालांनी पाहिला नाही. म्हणजे पोती बाहेर गेली नाहीत. आत आहेत का? आतही नाहीत. मग उरलं काय?"

ती मानसिंगच्या पायांकडे वळली.

"काका उभे आहेत तिथे पाच-सहा वर्षं हळदीची पोती होती, असं पडद्यावर दिसतं. मग जमीन पिवळी का नाही? कडेला पोत्याच्या लांबीएवढा पट्टा पिवळा आहे आणि मधे उंदरांचं घर. भरलेल्या थप्पीच्या पोटात कोळी जाळं विणत नाही. तिथे मोकळी हवा होती. आणि ह्या फळ्या बघा. वरच्या बाजूला हळद, खालून स्वच्छ. वासे उभे करून त्यांवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर एक थर पोती. चारी बाजूंना पोत्यांची भिंत, आत पोकळी. चोरी झालेलीच नाही. ती दोनशे पोती कधी नव्हतीच."

वीरधवलचा चेहरा पडला. "म्हणजे मी पोकळीसुद्धा गुणली?"

"गुणलीत, आणि ती सिस्टीममध्ये माल म्हणून बसली. पूर्वी चालून गेलं असतं. बिराप्पा जन्मभर त्या थप्पीला हात न लावता नव्यातून माल देत राहिला असता. पण कॉम्प्युटरने हट्ट धरला, जुना माल आधी. रोज थोडी थोडी भिंत उतरवताना आतलं कुणाला दिसू नये, म्हणून तो कुणाला आत येऊ देत नव्हता."

"पण मग त्यांनीच तर..." अतिशय अडखळला.

"राखणदाराला पोकळ थप्पी लावून काय मिळणार? विकायला पोकळी घेतं कोण? ती दाखवायला असते, आणि माल बघायला बँकेचा माणूस येतो. तारण ठेवलेला माल पुरात गेला, हे त्याला कळू नये असं कुणाला वाटत होतं? हमालांना सुट्टी कुणी दिली? मोजताना थप्पी मोडू नका, असं कोण म्हणालं? ज्याचं चोरीला गेलं त्यानेच पोलिसात जाऊ दिलं नाही आणि वर अन्न सोडलं. असं कोण करतं, अतिशय?"

अतिशयने वडिलांकडे पाहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"राहिला भंडारा," उत्कर्षाचा आवाज खाली आला. "मी चोर नाही, एवढी शपथ त्याने हसत घेतली असती. पण अतिशय, तुम्ही म्हणायला लावलंत, मला काही ठाऊक नाही. ठाऊक तर होतं. खोटा भंडारा तो उचलेना. आणि खरं सांगता येईना, कारण त्याआधी एकदा भंडारा उचलून झालेला होता. खरं ना, आण्णा?"

आण्णा हळूहळू खाली बसले.

"पुराचं पाणी ओसरलं आणि दार उघडलं, तर चिखल होता नुसता," ते म्हणाले. "बिराप्पा म्हणाला, आण्णा, रडू नका. थप्पी त्यानंच लावली. मीच म्हटलं, बिरोबाची शपथ घे, कुणाला बोलायचं नाही. घेतली त्यानं."

"मला तरी सांगायचं होतं, आण्णा!"

"तू घरात मान वर करून आलास रे. मोजणी झाली, त्याच आकड्यांवर बँकेच्या कागदावर सही तुझी गेली. आता बोललो तर तू अडकणार. वाटलं, दोन दिवस बोंब होईल आणि निवळेल." त्यांनी मान हलवली. "खोटं बोलतोय मी. तुझी काळजी होतीच, पण मला लाज वाटली. एवढंच खरं."

"शपथेतून त्याला सोडवणारे तुम्ही एकटे होता," उत्कर्षा म्हणाली. "आणि त्याला भर सभेत उभं केलं तेव्हा तुम्ही तिथेच होता."

दाराशी एक हमाल हुंदका देऊन रडू लागला. मानसिंगलाही त्या म्हाताऱ्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला आणि त्याला धरून उठवावंसंही वाटलं. शेवटी त्याने उठवलं. "चला आण्णा. त्याला सुद आहे तोवर."

*

सिव्हिलच्या वॉर्डात बिराप्पा खाटेवर वाळून पडला होता. श्वास घेताना बरगड्या दिसत होत्या. उशाशी रंगुबाई. आण्णा वाकले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"बिराप्पा, सगळ्यांना सांगितलं मी. थप्पी मीच लावायला लावली होती. तू चोर नाहीस. ऐकतोयस ना?"

बिराप्पाचे डोळे उघडले. बराच वेळ तो मालकाकडे बघत राहिला. मग घाबरल्यासारखा झाला. ओठ हलले. आण्णांनी कान जवळ नेला, तरी ते शब्द सगळ्यांना ऐकू आले.

"आण्णा... मी न्हाई फोडलं. माझ्या तोंडातनं न्हाई गेलं."

अतिशय बाहेर पळाला.

पहाटे बिराप्पा गेला. सकाळी यार्डात हळदीचा सौदा निघाला नाही. सगळे हमाल आवारात जमले. अतिशय बँकेत जाऊन खरं सांगायचं म्हणत होता, आणि पुढे पेढीचं काय व्हायचं ते होणार होतं. तिरडी उचलायच्या वेळी आण्णा पुढे आले. गर्दीने वाट दिली. रंगुबाई मात्र आडवी आली.

"तुमी खांदा द्याचा न्हाई, आण्णा," ती म्हणाली. ना ओरडली, ना रडली. "लय वरसं त्येनं तुमचं वझं व्हायलं. आज त्येला निवांत जाऊ द्या."

आण्णा मागे सरले. त्यांच्या जागी मानसिंगने खांदा दिला.