मागच्या सीटची गळती

अक्काच्या नाकाची ख्याती दूरवर पोचलेली होती. गाडी फाटकातून आत शिरायच्या आधीच ती सांगून मोकळी व्हायची: हिचं ऑइल जळतंय, हिला पेट्रोल जास्त जातंय, हिच्या क्लचने मान टाकलीय. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले होते, चौथी शिकलेली बाई, ती काय गॅरेज चालवणार! आता त्याच लोकांच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेत असायच्या, आणि अक्का त्यांना मुद्दाम थोडं उन्हात उभं करायची.

पण एक गोष्ट तिने कुणालाच कळू दिली नव्हती. मागच्या वर्षीच्या तापात तिचं नाक गेलं होतं. दिसायला होतं जागच्या जागी, चांगलं धारदार. आतून मात्र मेलेलं. अत्तर काय आणि ग्रीस काय, तिला सारखंच. तेव्हापासून ती आवाजावर आणि धुराच्या रंगावर वेळ मारून नेत होती. सायलेन्सरपाशी वाकायचं, डोळे मिटायचे, नाकपुड्या फुगवायच्या आणि ठोकून द्यायचं. बहुतेक वेळा बरोबर यायचं. चाळीस वर्षांचं शहाणपण काय सगळं नाकातच साठतं थोडंच?

गाडीतला दोष वाचून दाखवणारा स्कॅनर सुनेच्या हातात होता. सून शिकलेली, कमी बोलणारी, आणि जे बोलेल ते बरोबर वर्मी लागणारं. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे घरात आणि गॅरेजात या दोघीच. दिवसभर एकमेकींना टोचायच्या, आणि एक आल्याशिवाय दुसरी जेवायला बसायची नाही. "माझी सून गुणाची आहे" असं अक्का कधी म्हणाली नाही. म्हटलं की दृष्ट लागते, असं तिचं मत होतं, आणि तेही तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पोस्टमास्तर आले. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी खिशाला दोन पेनं. करड्या रंगाची गाडी, चार महिन्यांपूर्वी जुन्या बाजारातून घेतलेली. डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा, आणि त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी.

"हे कुणाचं डोकं?" अक्काने नखाने पट्टी सोलली.

"आधीच्या मेकॅनिकचं. म्हणाला, दिसला नाही म्हणजे त्रास नाही."

"त्याला ताप आला तर थर्मामीटर फोडतो का म्हणावं."

मास्तर हसले नाहीत. "चार ठिकाणी दाखवली, अक्का. दिवा घालवून देतात, आठ दिवसांत परत लागतो. दिवा दिसला की धुराच्या तपासणीचा कागद कुणी देत नाही. आणि गुरुवारी आमच्या हिला घेऊन मुलीकडे जायचंय. सहा तासांचा रस्ता आहे."

"काकू कशा आहेत?" सुनेने विचारलं.

"तशी बरी आहे. घरी तिला झोप नाही, रात्ररात्र छताकडे बघत पडते. पण गाडीत बसली रे बसली की गाढ. मागे डावीकडे बसते, कोपऱ्यावरचं दुकान येईपर्यंत मान कललेली असते." मास्तरांनी एक पेन खिशात नीट केलं. "उठवलं की रडवेली होते. म्हणते, अजून जरा राहू द्यायचं होतं."

सासूसुनेची नजरानजर झाली. गाडीत माणूस असं झोपायला लागलं की आधी सायलेन्सर बघायचा. जळका धूर आत येत असला तर तो सांगून येत नाही, नुसता झोपवतो.

मास्तर रिक्षाने घरी गेले. अक्काने गाडी वर उचलायला लावली आणि सायलेन्सरच्या एकेका सांध्यावर साबणाचं पाणी ओतलं. इंजिन चालू ठेवून अर्धा तास बघत बसली. एक बुडबुडा आला नाही. खालचा पत्राही शाबूत होता.

"धुराचा दोष नाही, आई," सून स्कॅनर बघत म्हणाली. "वाफेची गळती दाखवतोय. बारीक."

पेट्रोलच्या टाकीतली वाफ मोकळ्या हवेत जाऊ नये म्हणून गाडीत बंद वाट असते. टाकी, नळ्या, वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, आणि शेवटी इंजिन. त्या वाटेला सुईएवढं भोक पडलं तरी गाडीला कळतं आणि ती दिवा लावते. अक्का तिच्या भाषेत सांगायची, गाडीचा श्वास कुठेतरी सुटतोय.

टाकीचं झाकण नवं होतं. व्हॉल्व्ह नवा, नळ्या नव्या. आधीच्या चौघांनी बदलता येईल तेवढं सगळं बदललेलं होतं. फक्त मागच्या सीटला कुणी हात लावला नव्हता. अक्काने मागचं दार उघडलं, तर उजवीकडचा पट्टा रिकाम्या सीटवर ताणून लावलेला.

"मास्तरांनी सामान ठेवलं असेल," सून म्हणाली.

अक्काने पट्टा सोडला. त्याची आतली बाजू गुळगुळीत झाली होती, रोजच्या वापराने होते तशी.

दुपारी जेवण झाल्यावर धुराचं यंत्र लावलं. त्याचं काम सोपं. वाफेच्या वाटेत पांढरा, निरुपद्रवी धूर भरायचा, आणि तो जिथून बाहेर येईल तिथे भोक. दोघी टॉर्च घेऊन उभ्या राहिल्या. इंजिनपाशी काही नाही. टाकीपाशी काही नाही.

"आई, इकडे बघा."

धूर मागच्या सीटवरून येत होता.

त्यात नवल नव्हतं. सीटच्या खाली टाकीतल्या पंपाचं झाकण असतं, त्याचं रबर चिरतं. त्यांनी गादी काढली, झाकण उघडलं. रबर मऊ, अखंड. भोवतालची धूळसुद्धा हललेली नव्हती. गादी परत बसवली, आणि मग दोघींना नीट दिसलं. धूर गादीतून येत नव्हता. गादीच्या वर, दीड-दोन हातांवर, उजव्या बाजूला, नुसत्या हवेतून येत होता.

आणि सलग येत नव्हता. थोडा यायचा, थांबायचा. पुन्हा थोडा.

"यंत्राच्या पंपाचा ठोका असेल," सून म्हणाली आणि तिने बटण बंद केलं. नळी काढून जमिनीवर ठेवली.

थोडा आला. थांबला. पुन्हा थोडा आला.

"आत उरलेला असेल," अक्का म्हणाली. आपला आवाज जरा जास्तच मोठा आला, असं तिला वाटलं.

सुनेने बाह्या वर केल्या. "मी आत आडवी होऊन खालून बघते. छताच्या अस्तरातून खाली उतरत असेल. पण आधी पेट्रोलचा वास येतोय का सांगा. माझं नाक सर्दीने बंद आहे."

इथे अक्काने काय करायला हवं होतं ते तिला नंतर शंभरदा कळलं. तेव्हा मात्र तिने चाळीस वर्षांच्या सवयीने डोकं आत घातलं, डोळे मिटले, नाकपुड्या फुगवल्या. आत काही म्हणजे काही नव्हतं. तिच्यासाठी जगात कुठेच काही नव्हतं.

"काही नाही," ती रुबाबात म्हणाली. "जा."

सून डाव्या बाजूला आडवी झाली. टॉर्चचा उजेड छतावर फिरला, काचेवर फिरला, मग एका जागी थांबला.

"दिसतंय का काही?"

उत्तर आलं नाही.

"अगं, दिसतंय का?"

टॉर्च हळूच कलंडला. अक्का वाकली. सून गालाखाली हात घेऊन झोपली होती. बाहेर लख्ख ऊन, गाडीची चारही दारं उघडी, इंजिन दोन तास बंद. आणि ही भर दुपारी लहान मुलीसारखी झोपलेली.

तिची छाती वर गेली. हवेतला धूर थांबला.

छाती खाली आली. धूर आला.

अक्काने हाक मारली नाही. तिने सुनेचे दोन्ही पाय धरले आणि पोतं ओढावं तसं तिला बाहेर ओढलं. डोकं आपटू नये म्हणून स्वतः खाली बसली. सुनेचं डोकं तिच्या मांडीवर आलं.

"डोळे उघड. ए बाई, डोळे उघड! तुझा नवरा आला की मी त्याला काय सांगू?"

सुनेने डोळे उघडले. चेहरा शांत. अक्काकडे बघून तिचे डोळे भरले.

"एवढ्यात कशाला काढलंत?"

 अक्काने तिला पायरीवर बसवलं, पाणी पाजलं, मानेवर ओला हात फिरवला. सुनेचा रंग ठीक होता. ओठ ठीक होते. जीभही ठीक होती, कारण ती म्हणाली, "आई, माझी मान मोडेल. टायर घासताय का?"

"झोपलीस कशी?"

"झोपले नाही हो. मला सरकून जागा दिली, म्हणून जरा टेकले."

"कुणी दिली?"

सून विचारात पडली. मग आपलंच बोलणं तिला वेडगळ वाटलं असावं. "कुणी म्हणजे... माहीत नाही. सर्दीने डोकं जड झालंय."

  अक्का जमिनीकडे बघत म्हणाली, "माझं नाक गेलंय. वर्ष झालं. तुला खोटं सांगून मी आत पाठवलं."

"माहितीय मला."

"काय माहितीय?"

"मागच्या उन्हाळ्यात दूध करपून काळं झालं, आणि तुम्ही शेजारी बसून भाजी निवडत होतात."

"मग मला विचारलंस कशाला, भवाने?"

"रोज विचारते. न विचारून कसं चालेल? तुमचा मान आहे तो." सुनेने बाहीने नाक पुसलं. "वासासाठी वेगळं यंत्र आहे. सकाळीच लावून बघितलं होतं. पेट्रोल नव्हतं."

म्हणजे वाफ नव्हती. जळका धूरही नव्हता. अक्काला हायसं वाटायला हवं होतं. पण मग ही झोपली कशाने, हा प्रश्न उरला, आणि तो तिने उच्चारला नाही.

संध्याकाळी सुनेने दिवा घालवला आणि वाफेची वाट पुन्हा बंद करून तिच्यात धूर भरला. कुठूनच आला नाही. दाबाचा काटा जिथे ठेवला तिथेच राहिला, केसभर हलेना. त्यांनी एक स्क्रूसुद्धा बदललेला नव्हता.

गुरुवारी मास्तर गाडी घेऊन गेले. महिन्याभराने नुसतं सांगायला म्हणून फाटकाशी थांबले. दिवा एकदाही लागला नव्हता.

"आणि काकू?"

"टक्क जागी असते! जाताना सहा तास, येताना सहा तास, अखंड बडबड. माझी कानशिलं दुखली." मास्तर हसले आणि मग जरा कोड्यात पडले. "फक्त पहिल्याच दिवशी शेजारच्या रिकाम्या सीटवर हात फिरवून म्हणाली, गेली वाटतं. कोण गेली विचारलं, तर मलाच म्हणते, कोण?"

अक्काने ते सुनेला सांगितलं नाही. सांगायला सून होतीही कुठे? दुपारी गॅरेजामागच्या खोलीत हल्ली ती तासभर पडायची. आधी कधी पडत नसे. काम चोख होतं, बोलणं तसंच टोचरं होतं, खाणंपिणं व्यवस्थित. नवऱ्याशी फोनवर हसायची. फक्त दुपारी झोपायची, आणि उठली की काही क्षण डोळे भरलेले असायचे.

बिघडलं होतं ते यंत्र. गाड्यांचा धूर तपासायचं, चाकांवरचं. रोज सकाळी ते आधी गॅरेजातली मोकळी हवा ओढून घेतं, ही स्वच्छ हवा असं ठरवतं आणि मग कामाला लागतं. महिनाभर ते ठरवेचना. सून जवळ असली की लाल अक्षरं यायची. सून चहा करायला आत गेली की आपोआप हिरवी. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. यंत्रात काही दोष नाही म्हणाला.

अक्काला त्यातली इंग्रजी अक्षरं लागत नव्हती, पण आकडे पक्के कळायचे. मोकळ्या हवेतल्या प्राणवायूचा आकडा एकवीसच्या जरा खाली राहतो. माणसाने नळीवर श्वास सोडला की तो उतरतो. इतकं साधं.

त्या दुपारी तिने यंत्र ढकलत मागच्या खोलीत नेलं.

सून भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीला नाक लागेल इतकी. मागे अर्धा पलंग मोकळा.

अक्काने नळी दाराशी धरली. एकवीसला थोडा कमी.

खिडकीशी धरली. तोच आकडा.

मग ती वाकली आणि मोकळ्या अर्ध्या पलंगावर, उशीच्या रिकाम्या टोकापाशी नळी धरली.

आकडा उतरला.

वर आला.

उतरला.

सुनेचं तोंड भिंतीकडेच होतं.

अक्काने नळी काढून घेतली. ती ओरडली नाही. एकदा सुनेला गाडीतून ओढून काढलं होतं, तेव्हा तिच्यासोबत काय बाहेर आलं ते तिला आता समजलं होतं. पुन्हा ओढलं तर काय मागे राहील, हे समजत नव्हतं.

दुपार कलली होती आणि खोलीत गारवा होता. पायथ्याशी चादर होती, सुनेपुरती घडी घातलेली. अक्काने ती तिच्या खांद्यापर्यंत ओढली. मग तशीच उभी राहिली. थंडी वाजली की झोपेत कुणीही शेजारच्याला बिलगतं.

तिने घडी पूर्ण उलगडली, मोकळ्या बाजूवरही चादर पसरली, आणि त्या बाजूची कड गादीखाली नीट खोचली.