चाकांच्या खुर्चीतली साक्ष

पाठुंगळीची पांगळी लेक उंबऱ्यात टेकवून मोहनाने वत्सलाबाईंचे पाय धरले, आणि त्या वृद्धेच्या अंगावर जणू कुणी उकळतं पाणी ओतलं! "नको गं… माझ्या पाया नको पडूस!"

पण घडियाळी पोळाच्या गल्लीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला, समापर्यंत आशेने आलेली ती बाई ऐकते कुठली? "वत्सलाबेन, काल चंगाई सभेत, त्या आजार बरे करण्याच्या प्रार्थनेत, तुम्ही खुर्चीतून उठलात, डोळ्यांनी पाहिलं मी! येत्या परवा ऋचाच्या पायाचं ऑपरेशन ठरलं होतं, डॉक्टरांना नको म्हणून सांगून आले. आम्हीही विश्वास धरणार! हिच्या डोक्यावर हात ठेवा."

वत्सलाबाईंचा हात उचलेना. काय पाहिलं होतं या भाबडीने? त्या मंडपात त्या स्वतःच्या पायांनी गेल्या होत्या! गुडघे दुखत होते, चाल मंद होती, पण पाय स्वतःचे होते. दारावरचा स्वयंसेवक "आंटी, आरामात बसा ने" म्हणाला, चाकांच्या खुर्चीत बसवून त्याने थेट स्टेजपुढे नेलं, आणि मग ते रंगीत दिवे, तो सोडलेला धूर, कानठळ्या बसवणारे ड्रम, अन् सुटातले पास्टर गरजले, "प्रभूच्या नावाने ऊठ!" त्या उठल्या. न उठून करतात काय? हजारो कंठांतून हालेलुया उसळला… आणि वर कीबोर्डवर त्यांचा संजीव होता, कारखाना बंद पडल्यावर वर्षभर घरी बसून नुकताच तिथे पगारावर लागलेला. त्याच्यासाठी त्या माउलीने मूग गिळले. प्रभूच्या नावाने तमाशा चालला होता, आणि त्यात आपण नाचलो!

"आजी," ऋचा हळूच म्हणाली, "मीपण खूप प्रार्थना केली. देवाला मी आवडत नाही का?"

वत्सलाबाईंनी तिला जवळ ओढलं. "आवडतेस गं राणी! खोटं आम्ही बोललो, देव नाही बोलला. मोहना, मी आधीही चालत होते. ऑपरेशन करून घे!"

आतून संजीव धावत आला. "आई! माझी नोकरी घालवतेस?"

"जाऊ दे! तुझ्यासाठी मी मुकी झाले, बाळा. पण ही पोर जन्माची पांगळी राहिली तर तो घास तुझ्या घशाखाली उतरेल?"

संजीव मटकन खाली बसला. "पास्टरांनी हात वर केला की सूर चढवायचा, आधीच ठरलेलं असतं गं… काल खुर्चीत तू दिसलीस… तरी मी चढवला."

"शरम नाही वाटली?" मोहना किंचाळली. "विश्वास कमी पडला म्हणून मी हिला मारलं हो, सकाळी!" आणि लेकीला छातीशी धरून ती ढसाढसा रडू लागली.

संजीव उठला. "चला मोहनाबेन, आत्ताच डॉक्टरांकडे. माझ्या स्कूटरवर…"

"तुमच्या स्कूटरवर पाय नाही ठेवणार!"

तो अनवाणीच रिक्षा आणायला धावला. परतला तेव्हा त्याची मान वर होत नव्हती. "आई, तूही चल. डॉक्टरांना तूच सांग… माझं तोंड नाही उघडायचं."

वत्सलाबाईंनी नुसता हात पुढे केला. संजीवने खांदा दिला. जिन्याच्या पायरीपायरीवर त्या थांबत, आणि जन्मभर आईच्या चार पावलं पुढे पळणारा तो लेक आज त्यांच्या चालीने उतरत होता.