हातगुण

खरं तर त्या सकाळी वल्लरीला काहीच विकत घ्यायचं नव्हतं. कॉलेजात पहिला तास झाला नाही, मैत्रिणी कॅन्टीनकडे वळल्या, आणि ही एकटीच गंगापूर रोडने रमतगमत निघाली ती डोंगरे वसतिगृहाच्या मैदानापाशी येऊन थबकली. तिथे दिवाळीचं हस्तकला प्रदर्शन लागत होतं. लागत होतं म्हणजे अजून लागायचंच होतं — कोणी कनाती ताणत होतं, कोणी सतरंज्या झटकत होतं. कुठूनतरी ताज्या लाकडाचा आणि तेलाचा वास आला, आणि त्या वासामागे जात जात ती एका टेबलाशी उभी राहिली.

टेबलामागे एक मुलगा पोळपाट पुसत होता. सावळा, उंच, केसांत लाकडाचा भुसा. तिने सहज म्हणून एक रवी उचलली, दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवली आणि परत ठेवायला लागली.

“आता ठेवू नका,” तो म्हणाला.

“का?”

“भवानी व्हायचीय अजून. तुम्ही पहिल्या. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की सगळा दिवस तसाच जातो.”

वल्लरी पंचवटीतली, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या दिवाकर गुरुजींची लेक. फुलवाल्यांपासून प्रसादवाल्यांपर्यंत सगळे दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात आणि तिला किती जपतात, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. पण तिच्याकडे रिक्षापुरतेच पैसे होते. तसं तिने सांगून टाकलं. तो म्हणाला, असतील तेवढे द्या. तिने नोट पुढे केली. त्याने ती कपाळाला लावली, डोळ्यांना लावली, आणि मग डोळे उघडले ते थेट तिच्याकडे बघत. मग बाईसाहेब रवी हातात धरून पंचवटीपर्यंत चालत गेल्या, आणि वाटेत कशाला हसत होत्या ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिकडून गेली. मुद्दाम नव्हे हं, सहज. कॉलेज एकीकडे आणि मैदान दुसरीकडे, एवढंच. त्याचं टेबल जवळजवळ रिकामं झालं होतं. तिला लांबूनच पाहून तो उठून उभा राहिला. काल दुपारपासून जी रीघ लागली ती संपेचना, असं याआधी कधीच झालं नव्हतं, हे त्याने एका दमात सांगितलं.

“तुमच्या हाताला लय गुण आहे,” तो म्हणाला. “पुढच्या प्रदर्शनाला भवानी तुम्हीच करा. याल ना?”

“बघू,” ती म्हणाली, आणि जाता जाता पुढच्या प्रदर्शनाची तारीख विचारून गेली.

ही शहाण्णव सालची गोष्ट. तेव्हापासून दिवाळीचं असो, संक्रांतीचं असो की उन्हाळ्याच्या सुट्टीतलं, शहरात कुठेही प्रदर्शन लागलं की कनाती उघडायच्या आत वल्लरी हजर. त्याचं नाव भारत. मखमलाबादचा. वडील भिमाजी शेवंती आणि झेंडू पिकवत, आणि पोराने फुलांचा मळा सोडून भुशात हात घातले म्हणून धुसफुसत. भारत आयटीआयला सुतारकाम शिकला होता, शहरातल्याच द्वारका चौकाजवळ एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला होता, आणि तिथे उरलेले सागवानी तुकडे मालकाकडून विकत घेऊन सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या वस्तू घडवत होता — पोळपाट, लाटणी, करंडे, पोरींच्या भातुकलीची इवली इवली भांडी. हे सगळं तिला एकदम नाही कळलं. भवानीला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात जे बोलणं होईल तेवढंच होई, आणि मग पुढच्या प्रदर्शनापर्यंत ती ते बोलणं मनातल्या मनात घोळवत बसे.

एकदा तिने विचारलं, हे इतकं गुळगुळीत होतं तरी कसं?

“डोळे मिटून हात फिरवायचा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं,” तो म्हणाला आणि एक पोळपाट तिच्यापुढे सरकवला. “बघा फिरवून.”

तिने डोळे मिटले. लाकूड थंड होतं, रेशमासारखं मऊ होतं. बोटं हळूहळू कडेपर्यंत गेली… आणि थांबली.

“लागलं काही?” त्याचा आवाज जरा खाली आला होता.

“हो… लागलं.”

“काय?”

“तुमचा अंगठा.”

त्याने अंगठा काढून घेतला नाही. तिनेही बोटं काढली नाहीत. देवळालीकडून गोधड्या विकायला येणाऱ्या शेजारच्या टेबलावरच्या सरुबाई मोठ्याने खोकल्या तेव्हा कुठे दोघं भानावर आली. घरी गेल्यावर त्या दिवशी वल्लरीने आमटीत दोनदा मीठ घातलं.

तिच्या आईच्या, अनसूयाबाईंच्या, नजरेतून काही सुटत नसे. घरात माणसं तीन आणि लाटणी इतकी कशी, असं त्यांनी एकदा विचारलं. वल्लरी म्हणाली, स्वस्त होती. अनसूयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, लाटण्यांकडे पाहिलं, आणि पोळी लाटायला घेतली.

एवढं सगळं गोड चाललं होतं, तर मग दुखत कुठे होतं? दुखत होतं ते असं, की भारत कधी एका शब्दाने पुढे सरकत नव्हता. तिला पाहिलं की त्याचा चेहरा खुले, कबूल. पण तो कशाने खुले? तिच्यामुळे, की दिवसभर माल खपणार म्हणून? “तुम्ही आलात, आता चिंता नाही,” असं तो म्हणे, आणि ते ऐकून तिला आधी गोड वाटायचं, आणि घरी पोचेपर्यंत तेच कडू व्हायचं. आपण त्याच्या लेखी दुकानाच्या दाराला टांगलेलं लिंबू-मिरची आहोत, असं तिला वाटू लागलं. प्रदर्शनं येत राहिली, जात राहिली. मधले महिने ती खिडकीत बसून काढी, आणि गोदाकाठी कुणी सुतारकाम करताना दिसलं तरी तिचा जीव उगाच खालीवर होई.

नव्व्याण्णवच्या दिवाळीआधी पुण्याचं स्थळ आलं. मुलगा कॉम्प्युटरमधला, माणसं चांगली, पत्रिका जुळलेली. रविवारी बघायला येणार असं ठरलं. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, डोंगरे मैदानावर प्रदर्शन उघडणार होतं.

वल्लरीने मनाशी ठरवलं, या वेळी सकाळी जायचंच नाही. संध्याकाळी जायचं. भवानी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून होऊन गेलेली असेल, आपल्या हाताची गरज उरलेली नसेल. तेव्हाही आपल्याला बघून त्याचा चेहरा खुलला, तर आईपुढे तोंड उघडायचं. नाही खुलला… तर पुण्याला हो म्हणायचं आणि सगळी लाटणी बोहारणीला देऊन टाकायची. ठरवायला सोपं होतं. तो दिवस काढताना तिचं काय झालं ते विचारू नका. सकाळी ती चार वेळा चपला घालून दारापर्यंत गेली आणि परत आली. दुपारी जेवणावर वासना नव्हती. उन्हं कलल्यावर अनसूयाबाईंनीच पदर खोचला आणि म्हणाल्या, मला पोळपाट घ्यायचाय, चल. आईबरोबर? वल्लरीचा चेहरा पडला, पण नाही कसं म्हणणार?

मैदानात ही गर्दी. अनसूयाबाई पापड-कुरडयांपाशी रेंगाळल्या, ती संधी साधून वल्लरी पुढे सटकली. भारतचं टेबल दिसलं आणि तिला धस्स झालं. टेबल काठोकाठ भरलेलं होतं. एक वस्तू हललेली दिसत नव्हती. तो मागे खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर. आपण सकाळी आलो नाही आणि याचा दिवस खरंच बुडाला, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

“आलीस का गं बाई,” गोधड्यांच्या ढिगामागून सरुबाईच आधी बोलल्या. “अगं, यानं दिवसभर गिऱ्हाईक परत धाडलंय. भवानी झाली नाय म्हणतो. एक मावशी म्हटली, मग मी करते की भवानी. तर म्हणतो, ती ठरलेली हाय. मुंबईचा दुकानवाला समदा माल उचलत व्हता, त्याला बी नाय म्हटला.”

भारत उठला. चेहरा खुलला का? छे. दमलेला होता, ओठ सुकले होते. वल्लरीने घाईघाईने पर्समधून नोट काढली आणि समोर धरली. त्याने हात पुढे केला नाही.

“उशिरा आलेली चालत नाही का?” तिने विचारलं.

“सकाळी मी भवानीचीच वाट बघत होतो,” तो म्हणाला. “दुपारी तो मुंबईवाला आला. सगळं नेतो म्हणाला, वर दर महिन्याला पाठवा म्हणाला. मी त्याला पण नाही म्हटलं. तो गेला, आणि मग माझं मलाच कळलं… भवानीसाठी कोण एवढं थांबतं? मी भवानीची वाट बघतच नव्हतो.”

“मग घ्या ना पैसे.”

“तुमच्याकडून नाही घेता येणार आता.”

“का?”

भारतने नोटेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “घरच्या माणसाच्या हातची भवानी धरत नाहीत,” तो हळूच म्हणाला.

गर्दीचा गोंगाट चालूच होता, लाउडस्पीकरवर कुणाच्या तरी हरवलेल्या पोराचं नाव पुकारत होते, पण वल्लरीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. किती प्रदर्शनं ती या एका वाक्यासाठी आली होती. आणि आता ते आलं, तर तिला आधी रडूच आलं.

“उद्या मला बघायला येणार आहेत,” ती म्हणाली. “पुण्याचे.”

त्याने हात पुढे केला, तळवा उघडा. “माझं बोलून झालं. मी फुलवाल्या माळ्याचा मुलगा, तुम्ही गुरुजींची लेक, ते पण मला ठाऊक आहे. तुम्ही नोट हातावर ठेवलीत तर मी भवानी समजून घेईन. पुन्हा विषय काढणार नाही.”

नोट आणि तळवा यांच्यात वीतभर अंतर होतं. वल्लरीने नोट मुठीत चुरगाळली. टेबलाच्या कडेने वळून ती पलीकडे गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

“हा पोळपाट कसा दिला?”

समोर अनसूयाबाई उभ्या होत्या. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. वल्लरी जागची हलली नाही. तिने किंमत सांगितली, ती कशीबशी ऐकू आली. अनसूयाबाईंनी पोळपाट उलटा करून पाहिला, बोटाने टकटक केलं, मुलीच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि कमरेची पिशवी सोडली.

“काकू, तुमच्याकडून कसे…” भारतने हात जोडले.

“का? मी काही तुझ्या घरची झालेले नाही अजून,” अनसूयाबाई म्हणाल्या. “पुण्याला मी निरोप धाडते. ह्यांना समजवायला मात्र वेळ लागेल, कदाचित एक-दोन वर्षंसुद्धा लागतील. तेवढा थांबशील?”

“थांबेन,” भारत म्हणाला.

“मग धर. भवानी झाली, आता माल विक.”