माझ्या आवाजात घेतलेलं नाव

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी चालेल, पण हसू नका. गावाचं मला हसून झालेलं आहे.

आणि रात्रबित्र काही नव्हती. हिवाळ्यातली दुपार होती. अंगणभर ऊन, तारेवर धुणं.

दक्षिण आफ्रिकेत, त्सोलो गावाच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर आमची गोल घरं आहेत. त्यातल्या मधल्या घरात, सासूबाईंच्या खोलीत हे घडलं.

भीती वाटते का, विचाराल. वाटते. पण लाज जास्त वाटते.

सासूबाईंना सगळं गाव माहेरच्या कुळावरून माभेले म्हणतं. काचबिंदूने त्यांची नजर नेली. उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळायचा. वाचनाचं वेड असलेली बाई. ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. जेवणाचं ताट जसं नेलं तसं परत यायचं.

माझा नवरा म्झुकिसी केपटाउनला असतो. त्याने मोठा फोन पाठवला, आत ऐकायची पुस्तकं भरून.

"आईला सांग, नुसतं बोट फिरवायचं."

आईंनी बोट फिरवलं. दिवसचे दिवस फिरवलं.

"नोझिबेले, ही काच पुसून पुसून लख्ख झाली गं. आतला माणूस काही बाहेर येईना."

मग मीच डोकं लढवलं. बाजारातून मेमरी कार्डाचा छोटा रेडिओ आणला, खऱ्या बटणांचा. चालू करायच्या बटणावर मक्याचा दाणा चिकटवला, बंद करायच्या बटणावर चवळीचा. फोनमधलं कार्ड काढून त्यात घातलं.

आई दाणे चाचपून हसल्या. "म्हणजे भूक लागली की मका, पोट भरलं की चवळी!"

पण पुस्तकं इंग्रजी.

"हा माणूस नाकात बोलतो," त्या म्हणाल्या. "सर्दी झालीय मेल्याला. त्यापेक्षा तू वाच. त्यात भरून दे."

त्यांनी गादीखालून एक पुस्तक काढलं. आमच्या भाषेतली जुनी कादंबरी. कव्हर केव्हाच गेलेलं, पानं हाताळून हाताळून मऊ पडलेली.

पहिल्याच पानावर मी थांबले.

कथेतल्या नायकाचं नाव... माझ्या सासऱ्यांचं होतं.

ते नाव मी इथेही लिहिणार नाही. मी सून आहे; आमच्यात सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. मी या घरात येण्याआधीच ते वारले होते, तरीही नाही.

आईंनीसुद्धा नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. आख्खा संसार 'म्झुकिसीचे बाबा' यावर झाला.

"तोंडाने घ्यायचं नाही, कबूल," त्या हळूच म्हणाल्या. "पण डोळ्यांनी घ्यायला मला कोण अडवणार होतं? संध्याकाळी पुस्तक उघडायचे आणि पोटभर घ्यायचे. आता डोळेच राहिले नाहीत."

'तू घे' असं त्या म्हणाल्या नाहीत. सासू सुनेला कसं म्हणेल?

पण मला कळलं. आणि मला ते जमणार नव्हतं.

मी घोंगडी डोक्यावरून घेतली, कोंबड्यांचा आवाज नको म्हणून, आणि कार्ड परत फोनमध्ये घालून त्यात वाचून भरायला लागले. नाव आलं की मी 'घरधनी' म्हणायचे. घरधनी घोड्यावर बसला. घरधनी नदी ओलांडून गेला.

मग कार्ड रेडिओत गेलं आणि आईंनी ऐकलं. प्रत्येक 'घरधनी'ला त्यांची मान थोडी खाली जायची.

"छान वाचतेस," त्या म्हणाल्या.

आणि भिंतीकडे वळल्या. ताट तसंच परत आलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपाशी माणसासमोर मी झाकलेलं पातेलं ठेवलं होतं.

थोडे दिवस असेच गेले.

एका दुपारी मी अंगणात मका सोलत बसले होते. खोलीतून माझाच आवाज येत होता. वाचता वाचता तो त्या जागेपाशी आला...

आणि थांबला.

तिथे 'घरधनी' यायला हवं होतं. काहीच आलं नाही.

नुसतं... रिकामं.

मग वाक्य पुढे गेलं.

मला वाटलं, बॅटरी उतरली असेल. मी कान दिला. पुन्हा ती जागा आली... पुन्हा तेच. एका नावाएवढी शांतता.

तेव्हा लक्षात आलं, कोंबड्याही गप्प होत्या. वारा होता, पण तारेवरचं धुणं हलत नव्हतं.

आई झोपल्यावर मी कार्ड काढून फोनमध्ये घातलं. कानाला लावलं.

'घरधनी' होतं. प्रत्येक ठिकाणी, स्पष्ट, माझ्या आवाजात.

म्हणजे फोनमध्ये होतं. फक्त त्या खोलीत नव्हतं.

मी कोणाला बोलले नाही. कारण त्या दिवशी ताट रिकामं परत आलं होतं. आंबट दुधाचा वाडगासुद्धा पुसून घेतलेला.

रोज असंच. आई जेवायला लागल्या. उन्हात येऊन बसायला लागल्या. आणि खोलीत रोज ती शांतता...

मग थोझामाताई आल्या. माझी मोठी नणंद. देवाने जीभ दिली ती दोन माणसांची.

"आईला भलतंच तेज आलंय! काय खायला घालतेस गं, आम्हालाही सांग."

"ही मला गोष्टी ऐकवते," आई कौतुकाने म्हणाल्या आणि मक्याचा दाणा दाबला.

माझा आवाज सुरू झाला. ताई मान डोलवत होत्या. ती जागा जवळ आली...

मला वाटलं, आता शांतता येणार.

शांतता आली नाही.

नाव आलं.

सासऱ्यांचं नाव. पुरतं, ठणठणीत. आणि माझ्या आवाजात.

ताईंचा चहाचा कप बशीवर आपटला. "नोझिबेले!"

"ताई, शपथ घेते, मी नाही..."

"मग कोण? आवाज कोणाचा आहे?"

आवाज माझाच होता. पुन्हा आलं. पुन्हा. मी धडपडत चवळीचा दाणा दाबला. बंद होईना. कानांवर हात घेतले तरी ऐकू येत होतं.

"माझ्या बापाचं नाव," ताई म्हणाल्या, "माझ्याच घरात, माझ्याच आईसमोर! माहेरी हेच शिकवलं तुला?"

मी आईंकडे बघितलं. त्या एक शब्द बोलतील म्हणून.

आई डोळे मिटून बसल्या होत्या. चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं काहीतरी.

त्या गप्पच राहिल्या.

निवाड्यासाठी गुरांच्या कुंपणापाशी घरातले पुरुष जमले. मी बाहेर, जमिनीवर, पाय दुमडून, खांद्यावर शाल घेऊन. चुलतसासऱ्यांनी विचारलं, चूक कबूल आहे का. फोन ऐकवावा असं मनात आलं. पण ताईंनी रेडिओ ऐकला होता, माझं कोण ऐकणार?

"कबूल आहे," मी म्हणाले.

माहेरी जायचं, दंड म्हणून बोकड आणि ब्रँडीची बाटली घेऊन परत यायचं, असं ठरलं. भावाने बोकडाचं दावं माझ्या हातात दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्या बोकडाला ओढत मी अख्ख्या गावातून चालत आले. तो दर दारासमोर ओरडत होता, कोणाच्या नजरेतून सुटायला नको म्हणून.

सगळं पार पडल्यावर मी आईंना विचारलंच.

"आई, मी घेतलं नव्हतं. तुम्हाला तरी पटतं ना?"

"मला माहीत आहे गं."

"माहीत आहे?"

"तू जिथे दुसरा शब्द टाकायचीस, तिथे म्झुकिसीचे बाबाच बोलायचे. स्वतःचं नाव स्वतः. आधी फक्त मलाच ऐकू यायचे." त्या माझा हात चाचपत होत्या. "लेक आली तर तिलाही ऐकवावंसं वाटलं असेल. पण तिच्यापर्यंत पोचायला त्यांना तुझाच आवाज मिळाला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

माझा हात सोडून त्यांनी रेडिओवरचा मक्याचा दाणा चाचपला.

"बोलले असते तर भगतीण बोलावली असती त्यांनी. यांना शांत केलं असतं. कायमचं." त्यांनी तोंड फिरवलं. "तू काय, बोकड देऊन सुटलीस. मला पुन्हा विधवा व्हायचं नव्हतं. लाज वाटते मला, नोझिबेले. पण खरं तेच सांगते."

मी त्यांची चूल पेटवली आणि जेवण वाढलं. ताट रिकामं आलं.

मीही खरं काय ते आजवर गावात कोणाला सांगितलेलं नाही. बायका पाणवठ्यावर मला बघून कुजबुजतात. कुजबुजू देत.

अजूनही दुपारी त्या खोलीतून माझा आवाज येतो. आणि ते नाव येतं, आता रोज येतं. मी अंगणात असेन तिथे तोंडावर हात दाबून उभी राहते. माझे ओठ मिटलेले आहेत ना, एवढी खात्री करून घेते. तेवढाच आधार. मिटलेलेच असतात.

परवाही तशीच उभी होते. आतून वाक्य पुढे सरकत होतं... ती जागा आली...

आणि हाताखाली माझे ओठ हलले.