टाकीचं प्रकरण

त्या उन्हाळ्यात जिन्यावरून पडून माझा उजवा हात मनगटात मोडला, तिथून हे सुरू झालं. कादंबरी अर्ध्यावर होती. माझी रोजची रीत अशी, की बायको कामावर गेली की चहा घेऊन मागच्या खोलीत शिरायचं, दार ओढून घ्यायचं आणि जेवणापर्यंत लिहायचं. सुचो वा न सुचो, खुर्ची सोडायची नाही. आता प्लास्टरातल्या हाताने काय लिहिणार? तर बायको म्हणाली, हात मोडलाय, तोंड शाबूत आहे ना, मग बोल.

तिनेच एक छोटा रेकॉर्डर आणून दिला. सकाळभर मी त्यात बोलायचो. संध्याकाळी समोरच्या घरातल्या टायपिस्टबाई तो घेऊन जायच्या आणि दुसऱ्या दिवशी टाइप केलेली पानं आणून द्यायच्या. बाईंची सगळी नोकरी कोर्टात साक्षी टाइप करण्यात गेलेली. ऐकू येईल ते उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा त्यांचा बाणा.

टाकीच्या प्रकरणापर्यंत सगळं सुरळीत चाललं. त्या प्रकरणात धाकटी जाऊ गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत मेलेली सापडते. ती जाऊ, ती टाकी, सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं. मी सांगितलं होतं, ‘तिचा पाय घसरला.’ पानावर त्यापुढे आणखी एक शब्द होता. ‘नाही.’

मला वाटलं, बाईंची चूक. विचारलं, तर त्यांनी रेकॉर्डर सुरू करून माझ्या कानाशी धरला. पंख्याची घरघर. माझा आवाज. मग थोडी शांतता, आणि अगदी तोंड जवळ आणून बोलल्यासारखा, ओल्या घशातून आलेला एका बाईचा आवाज... नाही.

खोलीत मी एकटाच असतो, मी म्हणालो.

‘मी ऐकलं ते टाइप केलं,’ बाई म्हणाल्या. मग हळूच, ‘ते प्रकरण गाळून टाका ना...’

खरं सांगतो, गाळावंसं मलाही वाटलं. पण ते गाळलं तर कादंबरीचा कणाच मोडणार होता. आणि इतकी वर्षं ज्या खुर्चीत ठाण मांडून बसलो, ती एका शब्दाला भिऊन सोडायची? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसलो. वाक्य फिरवून पाहिलं. तिला चक्कर आली. अंधारात टाकी दिसली नाही. झाकण निसटलं. रोज पानावर उत्तर तेच. खोलीत आता भर उन्हाळ्यात शेवाळासारखा वास यायला लागला होता. बायकोने पडदे धुवायला काढले. मी दार ओढून बोलत राहिलो.

प्लास्टर काढायच्या दिवशी ठरवलं, आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा. रेकॉर्डर सुरू करून टेबलावर ठेवला आणि रिकाम्या खोलीला स्पष्ट विचारलं, ‘मग झालं कसं? तूच सांग.’

मग तो तसाच सुरू ठेवून, घराला कुलूप घालून बायकोबरोबर दवाखान्यात गेलो.

परत आलो तेव्हा रेकॉर्डर जागच्या जागी होता. संध्याकाळी बाई तो घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या हसतच. हातातला गठ्ठा चांगला जाड होता.

‘या वेळी तो आवाज कुठेच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि किती छान सांगितलंत तुम्ही. एकदाही अडखळला नाहीत.’

मी पानं वाचली. जावेला ढकललं कुणी, झाकण दाबून धरलं कुणी, आतून थापा मारणं थांबेपर्यंत वर कोण उभं राहिलं... सगळं होतं. भाषा माझी. रेकॉर्डर कानाला लावला. आवाजही माझाच.

ते प्रकरण मी ठेवलं. कादंबरी पुरी केली, आणि पुढचीही त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून लिहितोय. फक्त एक ओळ छापायला दिली नाही. बाईंनी ती इमानाने टाइप केली होती आणि जाताना विचारलंही होतं, ही गोष्टीतलीच का?

सांगणं संपल्यावर रेकॉर्डरवर बराच वेळ नुसता पंखा ऐकू येतो. मग बाहेरचं कुलूप उघडतं. लांबून मी बायकोला काहीतरी म्हणतो, ती हसते, आम्ही चपला काढतो. आणि त्याच वेळी, इकडे अगदी जवळ, माझाच आवाज दबक्या सुरात कुणाला तरी सांगतो...

‘गप्प. आला तो.’