रांगेतला शेवटचा

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट छोटी आहे, पण उठाल तेव्हा मन निवलेलं असेल, एवढा शब्द देते.

औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती. दिवसभर खोकल्याच्या बाटल्या नि 'जेवणाआधी की नंतर?' शेवटी मावशीने तिला ऐकवलं, "अगं, आजारी माणसं सोडून दुसरेही जीव घातलेत देवाने जन्माला. बघ तरी एकदा!" आणि रविवारच्या जंगलफेरीत परस्पर तिचं नाव घालून टाकलं.

फेरीची शिस्त कडक. पुढे बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाजातली शाळा सुटली नव्हती. त्यांच्यामागे एकेकाची रांग. बोलायचं नाही. पुढच्याने केलेली खूण जशीच्या तशी मागच्याला द्यायची. मूठ वर म्हणजे थांबा. तळवा खाली म्हणजे बसा. मनगटावर मनगट म्हणजे कुणाला तरी लागलंय, औषधाची पेटी आणा.

पहिल्याच चढावर नव्या बुटांनी तिच्या टाचेला फोड आणला. रांग पुढे निघून गेली. ती दगडावर टेकली, तोच मागून आवाज आला, "सावकाश... मी आहे."

वजनकाटे दुरुस्त करायचा तो. फेरीत मात्र त्याला सगळे 'शेपूट' म्हणत. कुणी मागे राहू नये म्हणून सर्वांच्या शेवटी चालायचं, हे त्याचं काम. पेटी त्याच्याच खांद्यावर.

"इथे जनावरं दिसतात म्हणे," ती पट्टी लावता लावता म्हणाली.

"दिसतात की. पुढच्यांना."

"आणि तुम्हाला?"

"मला पाठी दिसतात. आज एक नवीन दिसली."

"अय्या! अशी बघितलीत होय?"

"काम आहे हो माझं," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मग काय, टाच बरी झाली तरी ती दर रविवारी मागेच रेंगाळू लागली. बाई डोळे वटारायच्या. ही बुटाची नाडी बांधायची! चालता चालता तो तिला ओल्या मातीतले सांबराच्या खुरांचे ठसे दाखवी, झाडावर अस्वलाने ओढलेल्या नखांच्या रेघा दाखवी. काटेरी फांदी आली की ती पुढे जाईपर्यंत धरून ठेवी. दमलेल्याला 'चला, चला' म्हणणं त्याच्या तोंडी कधी आलं नाही, उलट स्वतःच थांबून म्हणे, "मला जरा दम लागलाय." खोटं बोलावं तर असं! देवाने काही माणसं फुरसतीत घडवलेली असतात, दुसरं काय.

नदीतलं पाणमांजर सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याने नाही. शेपूट काठावर पोहोचेपर्यंत ते बुडी मारून गेलेलं असे. "आहे ना ते नदीत, झालं तर," तो म्हणायचा. पण रिकाम्या पाण्याकडे किती वेळ बघत राहायचा, हे तिने पाहिलं होतं.

आणि एके रविवारी तो खाली बघत म्हणाला, "दुसऱ्या गावी काम मिळालंय. पुढची फेरी... माझी शेवटची."

तिच्या ओठांवर खूप काही आलं. बाहेर पडलं एवढंच, "छान झालं."

आठवडाभर तिचं कशात लक्ष लागेना. त्या रविवारी मात्र ती सगळ्यांच्या आधी बाईंपुढे उभी राहिली. "बाई, आज शेपूट मी होते. त्यांना पुढे घ्या."

मनातलं सांगायची शेवटची संधी तिने आपल्या हाताने देऊन टाकली. का? तर त्याला एकदा तरी ते पाणमांजर दिसावं!

तो सर्वांत पुढे, ती सर्वांत मागे, खांद्यावर पेटी. तिच्या पुढे गुडघे धरलेले एक आजोबा. नदी जवळ आली. मूठ वर झाली, रांग थांबली. दिसलं वाटतं त्याला! तिचे डोळे भरून आले. एवढ्यात हातांमागून हात करत दुसरी खूण आली. मनगटावर मनगट.

ती धावत सुटली. काठावर पोहोचली तेव्हा धाप लागलेली, पेटी अर्धी उघडलेली.

"कुठे लागलंय? दाखवा!"

तो धडधाकट उभा. बाई दातओठ खात कुजबुजल्या, "अरे, पेटीची खूण केलीस! पडलंय कोण?"

"कुणीच नाही, बाई. पण... हिला बोलवायला दुसरी खूणच नाही आपल्याकडे."

समोर पाण्यात ते पाणमांजर पाठीवर तरंगत होतं, पंजांत मासा धरून, निवांत. तो मात्र तिच्याकडेच पाहत होता.

"एकट्याने पाहवेना," तो हळूच म्हणाला. "तिकडे गेलो तरी दर रविवारी येईन. तू... चालशील माझ्याबरोबर?"

"मागून?"

"छे! शेजारून."

तिने पेटी खाली ठेवली नि मान हलवली. बाईंनी चष्मा पुसायला काढला.

त्यांचा संसार पुढे छान झाला. पण माझं एक ऐका. ती धावत गेली, तेव्हा रांगेची शेवटची जागा रिकामी पडली होती. ते आजोबा कुणी न सांगता तिथेच थांबले. मागे कुणी राहिलं नाही ना, हे बघत. त्यांना ना पाणमांजर दिसलं, ना ती मान हललेली. रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.