कपाळावरचे चार तास

सुई टोचल्यावर पाचव्या दिवशी रक्षिताची डावी पापणी खाली पडली, ती वर येईना. आठव्या दिवशी ती काळा गॉगल लावून राजारामपुरीतल्या क्लिनिकात आली. तिच्या नवऱ्याच्या तक्रारीवरून हवालदार पिराजीही आले.

कपाळावरच्या आठ्या घालवायचं इंजेक्शन. दोन हजार सहा साली कोल्हापुरात ते नवंच होतं, आणि नव्या कामात चूक झाली की खापर फोडायला गरिबाचं डोकं हाताशी असतं. औषध मिसळलं होतं सिस्टर साक्षीनं. "चूक तुझी ठरली तर उद्यापासून येऊ नकोस," डॉक्टर संगमेश म्हणाले होते. साक्षी भिंतीला टेकून उभी होती. तिला ना रडू येत होतं, ना राग. हातसुद्धा आपले वाटत नव्हते.

"त्या बाटलीतलं औषध आनि कुणाला दिलं?" पिराजींनी विचारलं.

"दोघींना," साक्षी म्हणाली.

"त्यास्नी काय झालं?"

"काय न्हाय."

पिराजी रक्षिताकडं वळले. "सुई कवा घेतली, ताई?"

"रविवारी. साडेदहाला."

"मग?"

"सरळ घरी. तवापासनं आजपातूर उंबरा वलांडला न्हाय."

"हे सूचनांचं कार्ड मिळालं?" पिराजींनी टेबलावरच्या कार्डांच्या गठ्ठ्याकडं बोट केलं.

तिनं पर्समधून काढून टेबलावर टाकलं. 'चार तास चेहरा चोळू नये.' खाली तिची सही. घडीत गुलाबी पूड अडकली होती.

पिराजी जोतिबाच्या डोंगराजवळच्या कोडोलीचे. ती पूड ओळखायला त्यांना भिंग लागत नव्हतं.

"कार्ड रविवारी मिळालं, नंतर तुम्ही घराबाहीर न्हाय. मग ह्यात जोतिबाचा गुलाल कसा? रविवार म्हंजे देवाचा वार. सुई घेऊन तुम्ही डोंगरावर गेला. तिथं कुणीतरी कपाळावर गुलाल रगडला, आनि औषध खाली पापणीत सरकलं. डॉक्टर, हुतंय का असं?"

"होऊ शकतं. म्हणूनच तर ती सूचना आहे."

"गुलाल कुणी लावला, ताई?"

रक्षितानं गॉगल काढला. "सासूबाईंनी. भुवईपातूर चोळला. नको म्हणलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. घरात ह्या आठ्यांच्या सुईचं कुणालाच ठावं न्हाय. पापणी पडल्यावर म्हणलं, डोकेदुखीची सुई सिस्टरनं चुकीची दिली. मालकांनी लगेच तक्रार केली."

ती रडायला लागली. डोळे वाहत होते आणि कपाळावर एकही आठी नव्हती.

"दोन महिन्यांत पापणी वर येईल," डॉक्टर तिला म्हणाले. मग साक्षीकडं न बघता, "उद्या वेळेवर ये."

तरीही साक्षीला काही वाटलं नाही. तिनं सूचनांच्या छापील कार्डांचा गठ्ठा ओढला आणि एकेका कार्डावर पेननं लिहू लागली, 'गुलालही लावून घेऊ नये.' तिसऱ्या कार्डावर शाई ओली होऊन पसरली, तेव्हा तिला कळलं आपण रडतोय.